रंग फसला असं वाटतंय? नवा डबा आणण्याआधी भिंतीकडे नीट बघा

मी पूर्वी रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर, म्हणजे हवा तो शेड मिसळून देणाऱ्या यंत्रावर, काम करायचे. आता लोकांच्या घरी जाऊन फसलेले रंग दुरुस्त करून देते. मला येणारा निरोप जवळजवळ नेहमी सारखाच असतो: "रंग चुकला, काय करू?" त्यावर माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो. कसा चुकला? पिवळा जास्त झाला? गडद झाला? भडक झाला? सकाळी बरा वाटतो आणि दिवा लागला की डोळ्यांत खुपतो? याचं उत्तर हाती नसताना जे घाईने दुसरा डबा आणतात, त्यांचा दुसरा रंगही चुकतो, आणि बहुधा पहिल्याच्या उलट दिशेने चुकतो. भडक हिरव्याला कंटाळलेला माणूस थेट पांढऱ्याकडे पळतो. मग खोली कोरी वाटायला लागते आणि तिसऱ्या शेडचा शोध सुरू होतो.

म्हणून मी सांगते, चुकलेली भिंत हा तुमच्या हाताशी असलेला सगळ्यात मोठा नमुना आहे. याच खोलीत, याच उजेडात, याच फरशीशेजारी हा रंग कसा वागतो ते तिने तुम्हाला दाखवून दिलंय. कुठलंही शेडकार्ड एवढं सांगू शकत नाही. तिच्यावर प्रायमर मारण्याआधी ती माहिती काढून घ्या.

निकाल द्यायची घाई नको

पहिला हात मारून झाला आणि रंग आवडला नाही, तर काम थांबवू नका. पहिल्या हातात खालचा जुना रंग डोकावत असतो. पिवळ्यावर मारलेला राखाडी पहिल्या हाताला हिरवट दिसतो, दुसऱ्या हातानंतर तोच सरळ होतो. दुसरी गोष्ट, इमल्शन म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो तो, ओला असताना फिका आणि दुधाळ दिसतो. त्यातले बाइंडरचे, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि प्रकाश विखुरतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांत मिसळतात, त्यांचा पारदर्शक थर होतो आणि रंग थोडा गडद होऊन स्थिरावतो. त्यामुळे दुसरा हात मारून २४ तास होईपर्यंत मत बनवू नका. दमट हवेत आणखी एक दिवस द्या.

शिवाय रिकामी खोली बघून निर्णय घेऊ नका. पडदे लावा, मोठं सामान जागेवर आणा. उघड्या खोलीत चारही भिंती एकमेकींवर रंग फेकत असतात. पिवळ्या भिंतीवरून उसळलेला पिवळा उजेड समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो, आणि प्रत्येक फेरीत पिवळेपणा वाढतो. कोपऱ्यात हे सगळ्यात जास्त दिसतं. कपाट, पुस्तकं, सोफा मध्ये आले की ही देवाणघेवाण तुटते आणि रंग शांत होतो. कित्येक घरांत मी एवढंच करायला सांगते आणि दुरुस्तीची गरज उरत नाही.

डब्यातच चूक आहे का?

हे तपासणं सोपं आहे आणि हेच सर्वांत आधी तपासायचं. ज्या शेडची ऑर्डर दिली होती त्याच शेडचं कार्ड घ्या आणि दिवसाच्या उजेडात, वाळलेल्या भिंतीला चिकटवून धरा. अर्धे डोळे मिटून बघा. कार्डाची कड भिंतीत विरघळली, तर दुकानाने दिलेला रंग बरोबर आहे आणि चूक कुठेतरी दुसरीकडे आहे. कड ठळक दिसली तर डब्याच्या झाकणावरचं लेबल बघा. त्यावर शेडचा कोड, बेस (ज्यात रंग मिसळतात तो मूळ रंग) कोणता आणि कुठला स्टेनर (छटा देणारा घट्ट रंग) किती घातला ते छापलेलं असतं. कोडमधला एक आकडा इकडचा तिकडे होणं, किंवा कोड बरोबर पण बेस दुसरा असणं, या दोन चुका मशीनवर सर्वाधिक होतात. बेसचा फरक समजून घ्या: फिक्या रंगांच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भरपूर असतं, गडद रंगांच्या बेसमध्ये ते जवळजवळ नसतं. गडद शेडचा फॉर्म्युला पांढऱ्या बेसमध्ये पडला तर तो कितीही ढवळा, फिकटच राहणार.

चूक डब्यात सापडली तर डबा आणि लेबल घेऊन दुकानात जा, उरलेला रंग ओतून टाकू नका. चकाकीही बघायला विसरू नका. कार्डावरचा नमुना मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, आणि भिंतीवर सॅटिन, म्हणजे हलक्या चकाकीचा, असेल, तर रंगद्रव्य तेच असूनही भिंत जास्त गडद आणि जास्त खोल दिसते. मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून रंग जरा फिका, पावडरीसारखा वाटतो.

एकाच शेडचे दोन डबे वेगवेगळ्या वेळी मिसळून आणले असतील आणि अर्धी भिंत वेगळी दिसत असेल, तर उपाय एकच: उरलेला सगळा रंग एका मोठ्या बादलीत एकत्र करायचा, तळापासून ढवळायचा, आणि ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा मारायची. भिंतीच्या मधोमध जोड देऊ नका, तो दिसतोच.

दिवा, खिडकी, फरशी

कार्ड भिंतीशी जुळलं, तरी रंग चुकीचा वाटतो. आता संशय उजेडावर.

एलईडी दिव्याच्या खोक्यावर २७००, ४००० किंवा ६५०० असा आकडा आणि पुढे के अक्षर असतं. २७०० चा उजेड पिवळसर, ६५०० चा निळसर. निळी झाक असलेला राखाडी ६५०० खाली निळाच होतो, आणि मोतिया रंग २७०० खाली हळदीकडे झुकतो. दिवा बदलून बघणं हा भिंत रंगवण्याच्या मानाने अगदी किरकोळ खटाटोप आहे, तो आधी करा. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ८० च्या आसपास असलेल्या दिव्याखाली लाल आणि गुलाबी मळकट दिसू शकतात. ९० च्या वरचा दिवा घेतला तर बराच फरक पडतो. अबोली, विटकरी किंवा मातकट गुलाबी रंग "मेलेला" दिसतोय अशी तक्रार असेल तर मी हाच आकडा आधी वाचते.

एका अभ्यासिकेची गोष्ट सांगते. राखाडी भिंत, दिवसा छान, रात्री गुलाबीसर. घरातले म्हणत होते की दोन थर उलटसुलट बसलेत. तसं काही नव्हतं. राखाडी रंग काळ्या स्टेनरने करता येतो, आणि दोन-तीन विरुद्ध रंग एकमेकांना मारूनही करता येतो. दुसऱ्या पद्धतीचा राखाडी दिव्यानुसार सरकतो, कारण त्यातलं प्रत्येक रंगद्रव्य वेगवेगळ्या उजेडाला वेगळा प्रतिसाद देतं. दोन नमुने एका उजेडात जुळावेत आणि दुसऱ्यात फुटावेत, हा प्रकार रंगाच्या धंद्यात रोजचा आहे. त्याला मेटॅमेरिझम म्हणतात. तिथे आम्ही त्याच गडदपणाचा, पण लेबलवर काळा आणि पिवळा ऑक्साइड हे स्टेनर जास्त असलेला राखाडी घेतला आणि प्रश्न सुटला.

खिडकीचंही असंच. जिथे थेट ऊन कधीच येत नाही, फक्त आकाशाचा उजेड येतो, तिथे प्रत्येक रंगावर निळी छटा चढते. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर हिरवी. लालसर फरशीवर दुपारचं ऊन पडत असेल तर भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस. खात्री करायची युक्ती: ऊन असताना फरशीवर पांढरी चादर पसरा. भिंतीचा रंग क्षणात बदलला, तर गुन्हेगार फरशी आहे. तिथे गालिचा टाकणं हा रंगकामाइतकाच खरा उपाय आहे.

फोनवर फोटो काढून रंग ठरवू नका. कॅमेरा आपल्या मनाने पांढरा दुरुस्त करतो आणि जी झाक तुम्हाला त्रास देतेय तीच पुसून टाकतो.

शेजाऱ्यांचा दोष

मिशेल-युजीन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तिथे तक्रार होती. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या धाग्यांमुळे काळा फिका पडलेला भासत होता. १८३९ साली त्याने हा सगळा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि भिंतीच्या बाबतीत तो आजही तसाच्या तसा लागू पडतो. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो.

झगझगीत पांढऱ्या छताखाली मोतिया भिंत पिवळी आणि जुनी दिसते. छताच्या पांढऱ्यात त्याच मोतिया रंगाचा थोडासा अंश मिसळून एक हात मारा, भिंतीला हात न लावता भिंत निवळते. लालसर लाकडाच्या दारांशेजारी राखाडी हिरवट दिसतो. तिथे भिंत बदलायची तर उबदार राखाडीकडे जायचं. छत, दाराची चौकट, पडदा यांतलं एक बदलून काम भागत असेल तर मी चार भिंतींना कधीच हात लावत नाही.

चूक नेमकी कोणती?

इथपर्यंत येऊनही रंग नको वाटत असेल तर तो खरोखरच बदलायचा आहे. आता चुकीला नाव द्यायचं. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ मध्ये रंग मोजायच्या तीन बाजू मांडल्या, मी त्याच वापरते: रंग कुठल्या कुळातला, किती फिका-गडद, आणि किती तीव्र. या तिन्हींची गल्लत फार होते. लोक "गडद झाला" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रंग गडद झालेला नसतो, तीव्र झालेला असतो. हाच फरक ओळखता आला तर निम्मं काम झालं. तपासायचं कसं? भिंतीचा फोटो काढून तो कृष्णधवल करा (फोनचा हा एक उपयोग मात्र चांगला आहे). कृष्णधवल फोटोत भिंत तुम्हाला हवी तेवढी उजळ दिसली, तर गडदपणा ठीक आहे आणि दुखणं तीव्रतेचं आहे. मग फिका शेड आणून उपयोग नाही. तेवढाच गडद पण जास्त राखाडी शेड आणायला हवा.

असं का होतं, तर कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो आणि भिंत मोठी. क्षेत्रफळ वाढलं की रंग अधिक उजळ आणि अधिक तीव्र भासतो. कार्डावर कंटाळवाणा, मळकट वाटणारा शेड भिंतीवर अनेकदा नेमका बसतो. माझ्या अनुभवात फसलेल्या रंगांतले बहुसंख्य इथेच फसलेले असतात. निवडणाऱ्याला कार्डावर सुंदर दिसणारा रंग हवा असतो, आणि कार्डावर सुंदर दिसतो तो तीव्र रंग.

कूळ तपासायला पांढरा कागद भिंतीला लावा. मनात "पांढरा" किंवा "राखाडी" म्हणून बसलेल्या रंगातली गुलाबी, हिरवी, जांभळी झाक कागदाशेजारी उघडी पडते. एक सावधगिरी: छपाईच्या झगझगीत कागदात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, ते दिवसा थोडं निळं चमकतं आणि प्रत्येक रंग जरा पिवळा असल्याचा भास देतं. म्हणून साधा मॅट पांढरा रंग मारलेला पुठ्ठा वापरा.

आता माझी आवडती पद्धत. शेडकार्डांचा पूर्ण पंखा घ्या, भिंतीपासून चार पावलं मागे उभे राहा, आणि भिंत जशी भासतेय तसा चौकोन पंख्यात शोधा. कार्ड भिंतीला टेकवू नका, टेकवलं तर ते मागवलेल्या शेडशीच जुळेल. मागे उभं राहून सापडलेला शेड आणि मागवलेला शेड यांत जे अंतर आहे, तेवढा तुमच्या खोलीचा परिणाम. मागवलेल्या शेडपेक्षा भासणारा शेड दोन घरं जास्त निळा असेल, तर मनात असलेल्या शेडपासून दोन घरं उलट बाजूला, म्हणजे उबदार बाजूला, सरकून निवड करा. या हिशोबाने निवडलेला शेड कार्डावर जरा विचित्र वाटतो. वाटू द्या.

डब्यातला रंग सुधारता येतो का?

येतो, पण मर्यादेत. अर्धा डबा उरलाय आणि एकच हात मारायचा आहे, तर हा प्रयोग करण्यासारखा आहे. दुकानात मिळणारे पाण्यावर चालणारे स्टेनर घ्या, सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या आणि मोजून १०० मिली रंग कपात काढा. अंदाजाने थेट डब्यात स्टेनर पिळणं हा डबा वाया घालवायचा खात्रीचा मार्ग आहे.

झाक मारायची तर विरुद्ध रंग. हिरवट झालंय तर लाल ऑक्साइड, गुलाबी झालंय तर हिरवा, पिवळं झालंय तर जांभळा, निळं झालंय तर नारिंगीकडचा पिवळा ऑक्साइड. सुरुवात ०.१ मिलीने करा. निळा आणि हिरवा स्टेनर फार जोरकस असतात, त्यांच्या बाबतीत आधी थोडा स्टेनर पांढऱ्या रंगात मिसळून सौम्य करून घ्या आणि मग तो वापरा. ढवळा, पुठ्ठ्यावर पट्टा मारा, केस वाळवायच्या ड्रायरने वाळवा, मगच बघा. हव्या त्या ठिकाणी पोचलात की हिशोब: १०० मिलीला ०.१ मिली लागलं, तर ४ लिटरला ४ मिली. त्यातले ३ मिली आधी घाला, पूर्ण ढवळा, नमुना वाळवा, आणि शेवटचा १ मिली गरज असेल तरच घाला. घातलेला स्टेनर काढता येत नाही.

भडकपणा कमी करायला बहुतेक जण काळा घालतात. पिवळ्यात काळा कधीही घालू नका, तो शेवाळी होतो. त्यापेक्षा तेवढ्याच गडदपणाचा तयार राखाडी रंग थोडा थोडा मिसळा. गडदपणा जागेवर राहतो आणि तीव्रता उतरते. मी हेच करते आणि याने क्वचितच दगा दिलाय. पांढरा घातला की रंग फिका होतो तसा थंड आणि खडूसारखाही होतो, लाल तर गुलाबी होऊन बसतो. गडद बेसमधला रंग पांढऱ्याने फिका करायचा नाद सोडा. इतका पांढरा लागतो की नवा डबा आणलेला बरा.

स्टेनरची कमाल मात्रा डब्यावर लिहिलेली असते, ती ओलांडू नका. जास्त स्टेनरने थर मऊ राहतो, नीट वाळत नाही आणि ओल्या फडक्याने रंग सुटायला लागतो.

भिंतीवरून पातळ पारदर्शक थर फिरवणं हा आणखी एक मार्ग. ॲक्रिलिक ग्लेझच्या चार भागांत रंगाचा एक भाग मिसळून ब्रशने लावायचा आणि लगेच मऊ फडक्याने पसरायचा. भडक पिवळ्यावर मातकट तपकिरी ग्लेझ सुंदर बसतो. पण हे दोघांचं काम आहे, एकाने लावत जायचं आणि दुसऱ्याने पुसत यायचं, आणि भिंत मध्ये सोडता येत नाही. सपाट, एकसारखी भिंत हवी असेल तर या वाटेला जाऊ नका.

डाग आणि ठिगळं म्हणजे रंग चुकणं नव्हे

रंग ठिकठिकाणी वेगळा दिसत असेल तर शेड बदलून काहीच होणार नाही. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागा प्रायमर न मारता रंगवल्या की त्या रंग शोषतात आणि मॅट ठिगळासारख्या दिसतात. त्या जागी प्रायमर मारून पूर्ण भिंतीला पुन्हा हात द्या. नव्या सिमेंट प्लास्टरवर लवकर रंग दिला तर त्यातल्या अल्कलीने काही रंगद्रव्यं जळतात आणि पांढुरके चट्टे पडतात. प्लास्टरला किमान २८ दिवस, शक्यतो जास्त, सुकू द्यायचं आणि अल्कली सोसणारा प्रायमर मारायचा. पिवळे-तपकिरी डाग इमल्शनमधून पुन्हा पुन्हा वर येत असतील तर खाली पाण्याचा, धुराचा किंवा तेलाचा डाग आहे; त्याला डाग अडवणारा प्रायमर लागतो. ओल असेल तर आधी ओल थांबवा, तोवर भिंत तशीच ठेवा. आणि पांढरा ऑईल पेंट कपाटामागे, अंधारात पिवळा पडत असेल तर तो त्या रंगाचा स्वभाव आहे. तिथे पाण्यावर आधारलेला एनॅमल वापरा.

नवा शेड कसा पारखायचा

चुकलेल्या रंगावर थेट नमुना मारू नका. शेव्रलचा नियम इथेही आड येतो, जुना रंग नव्याला ढकलत राहतो. साधारण ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पुठ्ठा घ्या, कडेने चार बोटं पांढरी पट्टी सोडा, आत दोन हात मारा. तो पुठ्ठा उभाच ठेवा, कारण टेबलावर आडवा ठेवलेला रंग उभ्या भिंतीपेक्षा जास्त उजळ दिसतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर बघा, खिडकीच्या भिंतीवर बघा, कोपऱ्यात बघा. सकाळ, दुपार, दिवा लागल्यावर. दोन-तीन शेड पुरे. नमुन्यांची रांग लावली की डोळा नमुने एकमेकांशी तोलायला लागतो आणि खोली विसरतो.

पुन्हा रंगवताना

नवा रंग खालच्या रंगावर टिकायला हवा, म्हणून खाली काय आहे ते ओळखा. कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन कोपऱ्यात घासा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर इमल्शन, काहीच निघालं नाही तर ऑईल पेंट. ऑईल पेंटवर थेट प्लास्टिक पेंट मारला तर पुढे पोपडे निघतात. चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासा आणि चिकटणारा प्रायमर द्या. हाताला पावडर लागत असेल तर डिस्टेंपर आहे, तो खरवडून धुवून काढावाच लागतो. घर खूप जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, भिंत ओली ठेवून घासा, धूळ उडू देऊ नका, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्या काळात त्यांना दुसरीकडे ठेवा.

चांगल्या स्थितीतल्या इमल्शनला एवढं करायची गरज नाही. पुसून घ्या, १८० ते २२० नंबरचा पेपर हलकासा फिरवा, खिळ्यांची भोकं भरा.

गडदावरून फिक्याकडे जाताना पांढऱ्या प्रायमरचा एक हात रंगाचे दोन हात वाचवतो. लाल आणि लखलखीत पिवळ्याकडे जाताना मात्र मी राखाडी प्रायमर मारते. या दोन्ही रंगद्रव्यांची झाकायची ताकद कमी असते. पांढऱ्यावर ते चार हातांनंतरही पट्टेदार राहतात, नव्या रंगाच्या उजळपणाशी जुळणाऱ्या राखाडीवर लवकर भरतात.

रंग किती आणायचा ते मोजून ठरवा. ४ मीटर बाय ३.५ मीटर खोली, उंची ३ मीटर: चार भिंतींची लांबी १५ मीटर, क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर, दारं-खिडक्यांचे ५ वजा केले की ४०. दोन हातांचे ८०. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर होतात, म्हणजे ८ लिटर. कमी आणून नंतर एक लिटर वाढवण्यात बॅचचा फरक पदरात पडतो.

कडा ब्रशने कापल्या की त्या ओल्या असतानाच रोलर त्यांच्यापर्यंत न्या. चारही भिंतींच्या कडा आधी संपवून मग रोलर घेतला तर कडेला वेगळ्या छटेची चौकट उमटते, आणि लोक पुन्हा म्हणतात रंग चुकला. भिंत एका दमात वरपासून खालपर्यंत पूर्ण करा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला आणि सगळ्या भिंतींना सारखंच घाला. हातांमध्ये डब्यावर दिलेली वेळ जाऊ द्या, इमल्शनला ती साधारण ४ तास असते. पंख्याचा जोराचा झोत थेट भिंतीवर नको.

उरलेला रंग गटारात ओतू नका. गडद नसेल तर तो पुढच्या वेळी कपाटामागच्या किंवा साठवणीच्या खोलीच्या भिंतीला पहिला हात म्हणून चालतो. नव्या रंगातला थोडा घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून टचअपसाठी ठेवा. झाकणावरच्या लेबलाचा स्पष्ट फोटो काढा, आणि शेडचा कोड, बेस, चकाकी आणि रंगवल्याची तारीख मास्किंग टेपवर लिहून ती पट्टी त्याच खोलीच्या स्विचबोर्डच्या पट्टीमागे नाही, तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. विजेच्या पेटीत हात घालायची वेळ कुणावर येऊ नये.